पाठमोरा बाक

बावीस वर्षं सिटी बसमध्ये तिकिटं फाडली.
शहर तेव्हा खिडकीतून मागे पळायचं,
मी सुट्टे पैसे मोजत राहायचे.
आता रविवारी पायीच निघते,
काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.
मोन्तेविदेओत फिरायला जाताना
याहून जास्त कुणी काही घेत नाही.

आधी बाजार.
फुटपाथवर चादरी पसरून लोक विकतात
एका पायाचे बूट, पिंजरे,
भलत्याच कुणाच्या लग्नाचे फोटो.
मागच्या खेपेला मी एक किल्ली घेतली.
कशाची? विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
"आता हिला कुलूप शोधत बस,"
विल्मार म्हणाला.
विल्मार माझा नवरा. कुठेच येत नाही.
रेडिओला कान लावून फुटबॉल ऐकतो,
मी परतले की मान न वळवता विचारतो,
"गाव आहे ना जागेवर?"

आहे की.
एखाद्या गुरुवारी नाट्यगृहात
पेन्शनवाल्यांना फुकट सोडतात, पार वरच्या माळ्यावर.
तिथून नटांचे चेहरे दिसत नाहीत, भांग दिसतात.
राजाला टक्कल आहे
हे दरबाराच्या आधी मला आणि नेरेइदाला कळतं.

कार्निव्हलच्या रात्री गल्लीत मांडव पडतो,
तोंडं रंगवलेली मंडळी
नगरपालिकेचे वाभाडे काढतात, अगदी सुरात.
दुसऱ्या रांगेत पालिकेचाच एक साहेब
घाम पुसत टाळ्या वाजवतो,
कारण तिसऱ्या कडव्यातला खड्डा
त्याच्याही दारासमोर आहे.

तर, बाकाचं.
वॉर्डात मतदान निघालं: चौकात काय हवं?
मी अर्ज टाकला,
एक बाक, नदीकडे तोंड करून.
आमच्या नदीला पलीकडचा काठ दिसत नाही.
वारा फिरला की गढूळची हिरवी होते,
जिभेला खारट लागते,
आणि तरी आम्ही तिला नदीच म्हणतो,
शब्द दिला म्हणजे दिला.

वाचनालयात पेटी ठेवली होती.
मला तीनशे बारा मतं.
स्केटिंगच्या उतारासाठी पोरांना तीनशे सतरा.
पाच मतं! माझ्या जिन्यातच
सात जण घरी झोपले होते, त्यातला एक माझ्या अंथरुणात.

आठवड्याने त्या पोरांतला यामान्दू दारात आला,
टोपी काढून, गुडघा फुटलेला.
"आजी, पडायला जागा झाली,
पडल्यावर बसायलाही लागेलच ना."
उरलेल्या पैशात त्यांनी माझा बाक मागून घेतला.

बाक आला. हिरवा, पक्का,
सिमेंटात रोवलेला,
आणि रस्त्याकडे तोंड करून.
नकाशावरचा बाण उलटा होता म्हणे.
मी तीनदा कचेरीत गेले.
अर्जावर शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीवर बहुतेक आता कुणाचा तरी कप.

मग परवाच्या रविवारी बघते तर
पोरं बाकावर उलटी बसलेली,
पाठीच्या फळ्यांमधून पाय पलीकडे सोडून,
सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.
"या आजी."
एकाहत्तराव्या वर्षी मी फळीतून पाय घालणार?
दोघांनी दंड धरले, यामान्दूने बूट,
जिन्यातून सोफा चढवताना म्हणतात ना,
जरा तिरका, आता सरळ, हां,
तशी मी बसले.

नदी त्या दिवशी हिरवी होती.
थर्मास या हातातून त्या हातात गेला.
पाठीमागून माझी जुनी बस गेली,
गिअर बदलताना तशीच खोकत.
मी वळून पाहिलं नाही. वळताच येत नव्हतं.

घरी आले. "गाव आहे ना जागेवर?"
"आहे," म्हटलं, "फक्त उलटं बसवलंय."
विल्मारने बूट शोधले नाहीत.
पण गोल व्हायच्या बेतात असताना
रेडिओ बारीक केला.